ओढणार कोण?

हौसाक्काच्या दुकानात खिशात पैसे घेऊन गेलेला माणूस हातात दोरी घेऊन परत येईलच, असं सांगता यायचं नाही. नारायणगावाहून जुन्नरला जाणाऱ्या रस्त्यावर तिचं दुकान होतं. रुतलेली गाडी काढायला आणि बंद पडलेली गाडी ओढून न्यायला जे जे लागतं, ते सगळं तिथं छताला टांगलेलं असायचं. दोरखंड, साखळ्या, हूक, कप्प्या, रुंद पट्टे. खाली गोधडीची चौघडी घालून हौसाक्का बसलेली. गिऱ्हाईकानं पायरी चढून तोंड उघडायच्या आत ती विचारायची, "ओढणार कोण?"

नवं गिऱ्हाईक बावचळायचं. 'काय पाहिजे' असं विचारतील, अशी त्याची अपेक्षा असायची. मग आक्का समजावून सांगायची, "अवं पावणं, दोरीला दोन टोकं असत्यात. एका टोकाला तुमची रुतलेली गाडी. दुसऱ्या टोकाला कोण हाय? ट्रॅक्टर हाय, बैलं हायेत, दुसरी जीप हाय, का समदी देवाची करणी?" त्याचं उत्तर मिळालं की गाडी भरलेली असते की रिकामी, आणि माती काळी की तांबडी, एवढं विचारून झाल्यावरच ती गुडघ्यावर हात टेकून उठायची. उत्तरं पटली नाहीत तर उठायचीच नाही.

मी गुरांचा डॉक्टर. निमगाव सावा, आणे, आणि त्या पठारावरच्या वाड्यावस्त्या हा माझा रोजचा फेरा. त्यासाठी मी एक जुनी, चारही चाकं ओढणारी जीप घेतली आणि पहिल्याच पावसाळ्यात एका अडलेल्या गाईकडे जाताना ती काळ्या रानात पोटापर्यंत रुतवली. गाय सुटली, वासरू झालं, जीप मात्र तिथंच. दुसऱ्या दिवशी मी तणतणत हौसाक्काच्या दुकानात गेलो. मला विंच हवा होता. बंपरला बसवायचा, बटण दाबलं की तारेनं गाडी आपली आपण ओढून घेणारा. मोबाइलवर त्याचे व्हिडिओ पाहून माझं मत पक्कं झालं होतं.

"ओढणार कोण?" आक्कानं विचारलं.

"कोणी नाही. विंचच ओढेल."

"कशाला धरून?"

"झाडाला बांधायची तार."

आक्कानं मला आपादमस्तक न्याहाळलं. "डॉक्टर, आण्याच्या पठारावर तुमी फिरताय, मी न्हाई. तिथं झाड कुठं हाय? का ढगाला बांधणार?"

दुकानातली चार माणसं हसली, मीही हसलो. पठारावर मैलोन्‌मैल माळ आहे, हे मला काय ठाऊक नव्हतं? पण विंच घ्यायचा हे एकदा डोक्यात बसलं की झाडं आपोआप उगवतात. शेवटी तिनं मला एक फावडं दिलं, चाकाखाली घालायला दोन जाड फळ्या दिल्या, गाडीच्या वजनाला पुरून उरेल असा दोर दिला आणि तो अडकवायला दोन भक्कम शॅकल, म्हणजे पिन लावून बंद करायच्या लोखंडी कड्या. "आधी फावडं," ती म्हणाली. "चाकाम्होरली माती काढली तर निम्म्या गाड्या दोरी न लावता निघत्यात. पर खाली उतरायची लाज वाटती ना लोकांना!" त्या फावड्यानं पुढे माझी जीप इतक्यांदा काढली की दोराची घडी बराच काळ मोडली नाही.

आक्का गरीब गाय वगैरे मुळीच नव्हती. तिच्या तोंडाला सगळं नारायणगाव वचकून असे. नवरा गेला तेव्हा दुकानात कासरे, दावी आणि मोटेचे जुने नाडे एवढंच होतं. तिथून तिनं ट्रॅक्टरच्या साखळ्या आणल्या, टोमॅटोच्या पिकअपना लागणारे दोर आणले. नंतर पुण्याहून चकचकीत जीपगाड्यांचे तांडे नाणेघाटाकडे जायला लागले, तसे त्यांच्यासाठी पट्टे आणले, हातानं चालवायचे विंच आणले. हे सगळं आपण एकटीनं केलं, हे ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, आणि सांगताना दर वेळी थोडं वाढवायची. असाच एक पुण्याचा तरुण एकदा सगळ्यात महागडा विंच मागायला आला. आक्कानं विचारलं, "गाडी कधी रुतली व्हती का?" तो अभिमानानं म्हणाला, "एकदाही नाही." आक्का म्हणाली, "मग आधी रुतवून या. कुठं रुतती ते कळल्यावर बघू." तो बिचारा खरंच महिन्याभरानं चिखलानं माखलेली गाडी घेऊन आला, आणि आक्कानं त्याला चहा पाजला.

तिच्या दुकानातून जाणाऱ्या प्रत्येक साखळीच्या शेवटच्या कडीला ती हिरव्या ऑइलपेंटचा ठिपका लावायची. ठिपका वाळेपर्यंत गिऱ्हाईकाला बसवून ठेवायची आणि तेवढ्यात तिची प्रतिज्ञा ऐकवायची. ती प्रतिज्ञा तालुक्यात सगळ्यांना पाठ होती. "ह्यो ठिपका असलेलं कायबी तुटलं, तर त्या दिवशी हौसाचं शटर खाली. पुन्यांदा वर न्हाई." आणि लगेच जोडून ताकीद, "पर हिसका द्यायचा न्हाई! साखळी आधी ताणून घ्यायची, मग दमानं ओढायचं. बैलाला अन् साखळीला हिसका सोसत न्हाई."

एवढा दरारा असलेल्या या बाईच्या मनाला एकच घोर होता. दुकानाचं आपल्यामागं काय? मुलगा पोपट चाकणला कंपनीत होता, चांगला रमला होता, आणि दोरखंडाचं नाव काढलं की त्याला शिंका यायच्या. आक्का मला कधीतरी हळू आवाजात म्हणायची, "डॉक्टर, मी गेले की हितं मोबाइलचं दुकान हुईल बगा." आणि त्याच वेळी दुकानाच्या मागच्या बाजूला तिची सून वैशाली गिऱ्हाईकाला शॅकलची पिन कशी लावायची ते नीट दाखवत असायची. वैशाली घोडेगावकडची. कमी बोलणारी, पण ज्या गोष्टीला हात लावील ती समजून घेतल्याशिवाय न सोडणारी. हे आक्काला दिसत नव्हतं असं नाही. पण सुनेला शाबासकी देणं तिच्या पिढीत कुणाला शिकवलेलंच नव्हतं.

दोघींचं खरं वाजलं ते एका दोरीवरून. वैशालीनं जीपवाल्यांकडून माहिती काढून नव्या तऱ्हेची एक दोरी मागवली होती. मनगटाएवढी जाड, मऊ, आणि ओढली की ताणणारी. तिचं म्हणणं असं, की ओढणारी गाडी पुढे निघाली की ही दोरी आधी ताणते, तो ताण पोटात साठवते आणि मग रुतलेल्या गाडीला अलगद उपसून काढते. साखळीचा दणका बसतो, हिचा बसत नाही.

"ताणती ती दोरी कसली?" आक्का कडाडली. "ती तर लेंग्याची नाडी! इलास्टिक चड्डीत घालायचं, गाडीला न्हाई."

सबंध आयुष्य ज्यांनी दोर पारखले त्यांना ताणणारा दोर म्हणजे कच्चा दोर, हे इतकं पक्कं माहीत असतं की त्याच्याविरुद्ध बोलणंही पाप वाटावं. आमच्याकडे जो तो सगळ्यात जाड आणि सगळ्यात ताठ वस्तूवर विश्वास ठेवतो, माणसांच्या बाबतीतसुद्धा. आक्कानं ती दोरी विकायला साफ मनाई केली. पण वस्तू वाया घालवणंही तिच्या स्वभावात नव्हतं. तिनं ती मागच्या पडवीत कपडे वाळत घालायची दोरी म्हणून बांधली. वर ओली गोधडी टाकली. दोरी अर्थातच मधे लोंबली.

"बगा डॉक्टर, बगा!" तिनं मला मुद्दाम आत बोलावून दाखवलं. "वली गोधडी पेलत न्हाई, गाडी काय पेलणार?"

"आत्याबाई, कुठलीबी दोरी मधे लोंबणारच की," वैशाली चुलीपासून म्हणाली.

"माझी लोंबत न्हाई," आक्का म्हणाली, आणि विषय संपला.

मग आली आमच्याकडची एक जत्रा. गावाचं नाव सांगत नाही, कारण पुढं जे घडलं त्यात कुणाची तरी फजिती आहे. जत्रा म्हटली की बैलगाड्यांची शर्यत आली, आणि शर्यत म्हटली की बैल तपासायला माझ्यासारखा डॉक्टर आला. हौसाक्काही दर वर्षी घाटाच्या कडेला, म्हणजे जिथून गाडे धावतात त्या चढाच्या शेजारी, पाल ठोकायची. कासरे, घुंगरं, गोंडे असा बैलांचा सगळा साज तिथं मिळायचा. त्या वर्षी माल टांगायला तिनं पडवीतली तीच ताणणारी दोरी सोडून आणली होती. "नाडीला काम लावलंय," ती मला म्हणाली. वैशालीनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

आदल्या संध्याकाळी वळीव होऊन गेला होता. गाड्या लावायचं रान वरून सुकलेलं, आतून लोणी. दुपारी शर्यती रंगात आल्या असताना एक पिकअप आली, आत ढवळी-पवळी खिल्लारी जोडी, आणि ती त्या रानात शिरली ती थेट मागच्या आसापर्यंत बसली. गाडामालक म्हातारा डोक्याचा फेटा सोडून हातात घेऊन उभा राहिला. त्यांची बारी जवळ आली होती. बैल आधी उतरवून घ्या, असं मी ओरडलो, तसे बैल उतरवले. एवढ्यात बंडूशेठ आपला मोठा ट्रॅक्टर घेऊन हजर झाले. बंडूशेठ द्राक्षबागाईतदार, माणूस दिलदार, पण सगळ्या जत्रेसमोर ट्रॅक्टर चालवायची संधी मिळाली की त्यांच्या अंगात येतं. त्यांनी स्वतःची साखळी काढून लावली. शेवटच्या कडीवर हिरवा ठिपका होता.

"ताणून घ्या आधी!" आक्का पालातून ओरडली. "हिसका न्हाई!" पण लाउडस्पीकरवर पुकारणाऱ्याचा आवाज टिपेला पोचला होता. बंडूशेठनी साखळी ढिलीच ठेवून ट्रॅक्टर सुसाट सोडला. खाडकन आवाज झाला आणि साखळीचं तुटलेलं टोक उलटं येऊन त्यांच्याच ट्रॅक्टरच्या मागच्या दिव्याचा चुरा करून गेलं. दैव बलवत्तर, कुणाला लागलं नाही. 

सगळे हौसाक्काकडे बघायला लागले. ती पालातून उठली, चिखल तुडवत गेली आणि साखळीचं टोक उचललं. अंगठ्यानं चिखल पुसला. ठिपका दिसला.

"आक्का, चूक माझी हाय," बंडूशेठ खाली उतरून म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला होता. "हिसका मी दिला. तुमची साखळी काय करील?"

"तुटली का न्हाई?"

"तुटली, पर—"

"मग झालं," आक्का म्हणाली. ती रडली नाही, चिडली नाही. पण तिचा तो खणखणीत आवाज बसला होता, आणि मला फार वाईट वाटलं. मी तिला पालात येऊन बसा म्हणालो. तेव्हा लक्षात आलं, की पालातली घुंगरं आणि कासरे जमिनीवर नीट रचून ठेवलेले आहेत, आणि वैशाली ती जाड दोरी खांद्यावर घेऊन पिकअपकडे निघाली आहे.

तिनं कुणाची परवानगी मागितली नाही. पिकअपच्या बंपरला नाही, खाली वाकून चासीच्या हुकाला दोरी अडकवली. दुसरं टोक ट्रॅक्टरच्या हुकाला. फावडं मागून घेतलं आणि चारही चाकांपुढची माती काढून घेतली. माणसांना दोरीच्या रेषेपासून लांब हाकललं. मग ती मागे वळली, पालात गेली आणि आक्काची बसायची गोधडी उचलून आणली. ती तिनं दोरीच्या मधोमध आडवी टाकली.

"हे काय?" बंडूशेठनी विचारलं.

"दोरी तुटलीच तर उडणार न्हाई. गोधडीच्या वजनानं खाली पडंल."

"आन् ही नाडी तुटली तर..." बंडूशेठ बोलून गेले आणि आक्काकडे बघायला लागले. नाडी हा शब्द तिचाच होता ना! सगळी जत्रा आक्काच्या तोंडाकडे बघत होती. तिनं एक शब्द जरी उलटा काढला असता, तर त्या ट्रॅक्टरवर कुणी चढलं नसतं.

आक्कानं सुनेकडे पाहिलं. मग चिखलानं भरलेले हात लुगड्याला पुसत बंडूशेठना म्हणाली, "तुटली तर गोधडी हाय की. चढा वर. आन् ती सांगंल तसंच चालवा, न्हाईतर खाली वढीन."

ट्रॅक्टर हळू निघाला. दोरी गोधडीसकट जमिनीवरून उठली, ताणली, आणखी ताणली, इतकी की बघे आणखी मागं सरले. मग पिकअप जागची हलली आणि गाय विताना वासरू सुटावं तशी अलगद बाहेर आली. एकच आरोळी उठली. भंडारा उधळला गेला. म्हाताऱ्या गाडामालकानं वैशालीच्या पायांना हात लावायला वाकावं आणि तिनं लाजून मागं सरावं, असा सगळा गोंधळ. खिल्लारी जोडी वेळेवर घाटात पोचली. बारीत नंबर काही आला नाही, पण त्या दिवशी त्याचं कुणाला काही वाटलं नाही.

आक्का मात्र बोलल्या शब्दाची होती. दुसऱ्या दिवशी दुकानाचं शटर खाली. तिसऱ्या दिवशीही खाली. गिऱ्हाईकं रस्त्यावर उभी, पुण्याचे जीपवाले फोन लावून हैराण. बंडूशेठ तर नारळ घेऊन माफी मागायला आले आणि नारळ देऊन परत गेले. शेवटी मी मागच्या दारानं गेलो. आक्का पडवीत लसूण सोलत बसली होती आणि चक्क गुणगुणत होती. वर दोरीवर गोधडी वाळत होती.

"आक्का, हिसक्यानं कुठलीही साखळी तुटते. तुम्हीच शिकवलंत," मी म्हणालो. "पोटच्या पोरासारखं दुकान असं बंद करतात का?"

"बंद झालं ते हौसाचं," ती म्हणाली. "दम धरा."

"पण मग पुढं?"

तिनं लसणाची पाकळी परडीत टाकली आणि माझ्याकडे बघून हसली. "डॉक्टर, जलमभर मी लोकांना इच्यारलं, वढणार कोण. आन् माझंच दुकान वढणार कोण, ते मला म्हाईत नव्हतं. लई घोर व्हता. परवा चिखलात दिसलं." मग आवाज खाली आणून, वैशाली जवळपास नाही ना हे बघून, ती म्हणाली, "लई गुणाची पोर हाय. तिला सांगू नका."

मी अर्थातच सांगितलं.

पुढच्या आठवड्यात गवंडी आला. हौसाचं शटर पुन्हा वर जाणार नाही, हे तर ठरलेलं होतं, आणि शब्द म्हणजे शब्द. म्हणून आक्कानं दुकानाची बाजूची भिंत फोडून तिथं दार बसवलं. दारावर वैशालीच्या नावाची पाटी. आत छताला साखळ्यांच्या शेजारी ताणणाऱ्या दोऱ्या, आणि ठिपक्याचा रंग आता पिवळा. पोपट चाकणहून पाटी बघायला आला आणि येताना सगळ्यांना पेढे घेऊन आला. पुढचं शटर तसंच खाली. त्याच्यापुढच्या पायरीवर गोधडीची चौघडी, आणि तिच्यावर हौसाक्का. आता तिला दुकानाशी काही घेणंदेणं नव्हतं, फक्त बाजूच्या दाराकडे जाणारा प्रत्येक माणूस तिच्यासमोरून जायचा. "थांबा पावणं. ओढणार कोण? गाडी रिकामी का भरलेली?" उत्तरं पटली की ती आत हाळी द्यायची, "वैशाली, ह्यांना दोरी दे. साखळी मागत्याल, देऊ नकोस!" आत गिऱ्हाईक पोचेपर्यंत त्याचं काम झालेलं असायचं. मला वाटतं, तिची ती वर्षं सगळ्यात सुखाची गेली.

गेल्या हिवाळ्यात ती गेली. दुपारी जेवून, उन्हाला पाठ देऊन पायरीवर बसली होती, तशीच. वय झालं होतं, त्रास काही झाला नाही. दहावं झाल्यावर पाहुण्यांपैकी कुणीतरी वैशालीला म्हणालं, की आता आक्का नाहीत, शटर उघडून टाक, रस्त्यावरून दुकान दिसेल, धंदा वाढेल. वैशाली म्हणाली, "त्यांनी खाली घेतलंय. मी कोण वर करणारी?" आणि पायरीवरची गोधडी झटकून, तिची पुन्हा चौघडी करून, होती त्याच जागी ठेवली.

मी परवाच तिथं गेलो होतो. जुनी जीप विकून नवी गाडी घेतली आहे, तिला दोर हवा होता. बाजूच्या दाराकडे सरळ जाता आलं असतं. पण पाय आपसूक त्या पायरीपाशी थांबले. समोर खाली ओढलेलं शटर, आणि कुणी न बसलेली गोधडी. रस्त्यानं माणसं जात होती, तरी मी मोठ्यानं सांगितलं, "ओढणार शेजारचा ट्रॅक्टर. गाडी भरलेली. माती काळी. फावडं आहे."

मग आत गेलो. वैशालीनं दोर आधीच काढून ठेवला होता.